रज्जाकचाचांचा हात आणि पावर सप्लाय

आमच्या तेलगावच्या चौकात कुणाकडं लग्नाची पत्रिका आली, की ती आधी वाचत नाहीत. आधी रज्जाकचाचांच्या हातात देतात.

चाचांचा फळांचा गाडा आहे. पत्रिका आली की ते हात शर्टाला पुसतात, पत्रिका उजव्या तळव्यावर ठेवतात, डोळे अर्धे मिटतात आणि हात जरासा वर-खाली करतात. मग सांगतात, "जेवण बरं असंल. पण गोड एकच करतील." पत्रिकेत काय लिहिलंय, कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, हे ते विचारत नाहीत. लोक जेवून येतात आणि म्हणतात, "चाचा, गोड एकच होतं." चाचांना त्याचं काहीच वाटत नाही. ते म्हणतात, "हात सांगतो. मी कुठं सांगतो?"

माझी भाजीची पाटी त्यांच्या गाड्याला लागूनच असते. मी कमी बोलते, त्यामुळं मला बघायला आणि ऐकायला वेळ मिळतो. इतक्या दिवसांत मी बघितलंय, की हा माणूस कोणतीही गोष्ट उचलल्याशिवाय तिच्याबद्दल मत देत नाही. निवडणुकीत एका उमेदवाराचा माणूस कागद वाटत आला. चाचांनी कागद तळव्यावर ठेवला आणि परत दिला. "न्हाई येत निवडून. लई हलका हाय." तो माणूस चिडला. म्हणाला, "चाचा, सगळ्या पार्ट्यांचा कागद एवढाच असतो." चाचा म्हणाले, "मग कुणीच न्हाई येत." हे एवढं एकच त्यांचं चुकलं, कारण कुणीतरी एक निवडून आलाच.

कुणी तान्हं मूल घेऊन फळं घ्यायला आलं, तर फळं नंतर, आधी मूल चाचांच्या हातात. "दाट हाय पोरगं," असं म्हणाले की आई खूश. एकदा एका बाईला म्हणाले, "दूध कमी पडतंय." ती बाई लाजून निघूनच गेली, संत्री न घेता. मी म्हणाले, "चाचा, असं बायांना बोलू नाही." ते म्हणाले, "मी बोललो का? हात बोलला."

गाड्यावर बॅटरीचा काटा आहे. तो गिऱ्हाइकासाठी. चाचा आधी फळं हातात घेऊन वजन सांगतात, मग काट्यावर ठेवतात. दोन्ही जुळलं तर काट्याकडं कौतुकानं बघतात, पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर बघतात तसं. नाही जुळलं तर काट्याला थापटतात आणि म्हणतात, "ह्याची बॅटरी उतरलीया."

टरबूज कसं निवडायचं ते त्यांनी मला शिकवलं. मला वाटायचं, जड असलं की झालं. चाचा म्हणाले, "न्हाई बाई. जड तर दगड बी असतो. जडपणा सगळीकडून सारखा पायजे. हातात घेऊन फिरवायचं. एका अंगाला ओढत असलं, तर समजायचं आत काहीतरी बिघडलंय." मी फिरवून बघितलं. मला काही कळलं नाही. पण नंतर घरी भोपळे फिरवून बघायची मला सवयच लागली. माझ्या नवऱ्यानं एकदा बघितलं आणि विचारलं, "काय शोधतीस?" मी काय सांगणार?

एकदा डाळिंबांची क्रेटं आली. चाचांनी एक क्रेट दोन्ही हातांनी उचललं, जरा तिरकं केलं आणि तसंच खाली ठेवलं. टेम्पोवाल्याला म्हणाले, "ह्याच्या बुडाला कोणतरी झोपलंय. उठीव त्याला." टेम्पोवाला हसला. क्रेट रिकामं केलं, तर तळाला भिजवलेलं पोतं निघालं, वजन वाढवायला घातलेलं. त्या दिवशी समोरच्या अंकुश चहावाल्यानं चाचांचा हात स्वतःच्या डोक्याला लावून घेतला होता, सगळ्यांसमोर. बंद क्रेटातलं पोतं ज्याला कळतं, त्याला काय कळणार नाही?

हे सगळं आधीच सांगितलं, कारण पुढं जे झालं ते ह्याशिवाय समजायचं नाही.

चाचांच्या घरी ते आणि त्यांची धाकटी मुलगी रुबीना, दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. थोरल्या मुली सासरी. रुबीना बारावी होऊन घरीच शिकवण्या घेते आणि कॉम्प्युटरवर खेळते. खेळते म्हणजे आपण पत्ते खेळतो तसं नाही. गावातलं एक इंटरनेटचं दुकान बंद झालं, तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर तिनं घेतला आणि शिकवणीच्या पैशातून त्यात एक एक वस्तू बसवत गेली. त्यातली मोठी वस्तू ग्राफिक कार्ड. ते आणलं त्या दिवशी चाचांनी अर्थातच हातात घेतलं आणि मान डोलावली. "हां. हे दाट हाय." माऊस मात्र त्यांना अजिबात पटलेला नाही. "ह्यात काय न्हाई. नुसतं टरफल हाय."

मला फार उत्सुकता होती, म्हणून एकदा मी तिचा खेळ बघायला गेले. गोळ्या झाडायचा खेळ. तिच्याकडून चार जण, चार गावांचे, कुणी कुणाला बघितलेलं नाही. कानाला हेडफोन लावून ही पोरगी, जी रस्त्यानं चालताना माझ्यापेक्षाही खाली बघून चालते, ती ओरडत होती, "डावीकडून ये! डावीकडून! अरे डावा हात कोणता, जेवत नाहीस त्यो!" आणि पलीकडून पोरं "हां दीदी, हां दीदी" करत होती. मी बघतच राहिले. चाचा दारात बसून सीताफळं निवडत होते. मला म्हणाले, "रोज असंच असतंय. कुणाला मारतीया ठाऊक न्हाई. पण पोरं ऐकत्यात तिचं."

तेवढ्यात कॉम्प्युटर फट् करून बंद पडला. पडदा काळा.

रुबीनानं हेडफोन काढला आणि कपाळावर हात मारला. "मावशी, हे बघा. रोजचं झालंय. साधं काम केलं की चालतो. खेळ रंगात आला, समोरून सगळे एकदम आले, की बंद."

मी विचारलं, "कावून गं?"

मला वाटलं ती सांगायची नाही, कारण मला काय कळणार? पण ती खाली बसली, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि तळाशी असलेला एक चौकोनी डबा दाखवला. त्याच्यातून वायरींचा झुबका निघाला होता. "हा पावर सप्लाय. भिंतीतली लाईट सरळ आत सोडली तर सगळं जळून जाईल. हा ती घेतो, बारीक करतो आणि ज्याला जेवढी लागते तेवढी देतो."

"म्हणजे पंगतीतला वाढपी," मी म्हणाले.

ती हसली. "हां मावशी, वाढपीच! आणि हे ग्राफिक कार्ड म्हणजे असा पाहुणा, की गप्प बसून राहतो आणि मग एकदम पाच चपात्या मागतो. वाढपी जुना आहे. त्याच्याच्यानं होत नाही. तो पंगत सोडून पळून जातो."

मला ते लगेच समजलं. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी सुरू होते तेव्हा सगळ्यांच्या घरातले दिवे क्षणभर मान खाली घालतात. तसंच हे.

मग मी बरंच विचारलं. नवा घ्यायचा तर कसा निवडायचा? ती म्हणाली, आतल्या प्रत्येकाची भूक किती ती जोडायची आणि वर थोडी जागा सोडायची, अचानक मागणाऱ्यासाठी. डब्यावर वॉट लिहिलेले असतात, पण नुसत्या लिहिण्यावर जायचं नाही. काही लोक बाहेर मोठा आकडा छापतात आणि आत काही नसतं. ओळखीची कंपनी बघायची, किती वर्षांची हमी देतात ते बघायचं, कार्डाला लागणाऱ्या वायरी आहेत का बघायचं. आणि लाईट किती कमी वाया जाते त्याची एक छाप असते, ब्राँझ, गोल्ड अशी.

"गोल्ड?" दारातून चाचा म्हणाले. "सोनं असतं का आत?"

"नाही अब्बा. नुसतं नाव."

"मग नाव कावून ठेवायचं?"

रुबीना म्हणाली, "आणि मावशी, स्वस्तातला घेतला आणि तो गेला, तर एकटा जात नाही. बाकीच्यांना घेऊन जातो." मग ती सहज बोलून गेली, आणि तिथंच चुकली, की "चांगला डबा बहुतेक वजनाला जड असतो. आत तांबं-लोखंड जास्त असतं ना."

चाचांनी सीताफळ खाली ठेवलं. एवढा वेळ चाललेल्या बोलण्यातलं त्यांनी हे एकच वाक्य ऐकलं होतं. "मग एवढं कशाला वाचत बसलीस? चल, उचलून बघू."

आता घाई कशाची होती, ते सांगते. पुण्यात अशा खेळाडूंची एक टीम होती. ते लोक मुलामुलींना पगार देऊन ठेवतात, राहायला खोली देतात. त्यांनी रुबीनाचा खेळ कुठंतरी बघितला होता. येत्या रविवारी एक सामना ठरला होता, त्यात ते तिला नीट बघणार आणि पसंत पडली तर बोलावणार. सामन्यात कॉम्प्युटर बंद पडला, तर संपलं. दुसरी संधी ते देत नाहीत.

चाचा हे सगळ्या चौकाला सांगत होते. पेरू घेणाऱ्याला, केळी घेणाऱ्याला, नुसता भाव विचारून जाणाऱ्यालाही. "पोरीला पुण्याहून बोलावणं यायलंय." अंकुश चहावाला म्हणाला, "चाचा, मग तुमी एकटेच की घरी." चाचा म्हणाले, "मला काय होतंय? मी काय तान्हा हाय का?" आणि लगेच गिऱ्हाइकाकडं वळले. पण थोड्या वेळानं मला हळूच विचारलं, "बाई, पुण्याची गाडी इथून निघाली, की दिवस मावळायच्या आत पोचती का?" मी म्हणाले, मला ठाऊक नाही. मी पुण्याला गेलेली नाही.

बीडला जायचं ठरलं, तेव्हा रुबीनानं मलाही चला म्हणून धरलं. मला तसंही डोळे दाखवायला जायचं होतं. एसटीत चाचा खिडकीशी बसले आणि सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत. हे काही त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. एरवी ते एसटीत शेजाऱ्याची पिशवी उचलून आत काय आहे ते सांगतात.

दुकान अरुंद होतं, वर छतापर्यंत खोके. मी दाराशीच उभी राहिले. रुबीनानं आधीच ठरवून आणलं होतं. वरून दुसऱ्या फळीवरचा निळा खोका तिनं मागितला. दुकानदारानं काढून दिला. मग चाचा म्हणाले, "आणखी दाखवा."

दुकानदारानं आणखी काढले. चाचांनी एकेक डबा खोक्यातून बाहेर काढून घेतला. तळव्यावर ठेवला. बोटाच्या पेरानं वाजवला. एकाचा वास घेतला. दुकानातली दोन कॉलेजची पोरं खोकल्याचं निमित्त करून हसायला लागली. रुबीनाचे कान लाल झाले.

"अब्बा, वजन नक्को देखो, लिखेला देखो," ती हळू आवाजात म्हणाली.

"लिखेला तू देख. वजन मैं देखता."

तेवढ्यात दुकानदारानं खालून एक काळा चकचकीत डबा काढला. कंपनीचं नाव ना मी कधी ऐकलेलं, ना रुबीनानं. त्यावर लाल अक्षरात मोठा आकडा होता. "हा बघा चाचा. वजनदार माल."

चाचांनी तो उजव्या हातात घेतला. मग डाव्या. मग परत उजव्या. टरबूज फिरवतात तसा हळूहळू फिरवला. मी दारातून बघत होते. त्यांनी डोळे अर्धे मिटले नाहीत. ते उघड्या डोळ्यांनी रुबीनाकडं बघत होते. ती निळ्या खोक्यावरचं वाचत होती, ओठ हलवत.

"हाच," चाचा म्हणाले.

"अब्बा, ह्या कंपनीचं नाव पण कुणी ऐकलेलं नाही!"

"नावानं फळ गोड होतंय का? तूच म्हणलीस जड चांगला असतो."

"बहुतेक, म्हणाले मी."

"माझा हात चुकलाय का कधी?"

 मला रुबीनाकडं बघवेना. तिनं वाचलं होतं, तिला माहीत होतं. पण तो हात तिला वाचायला यायच्या आधीपासून माहीत होता. लहानपणी ताप आला, तर थर्मामीटर नाही, अब्बानं उचलून सांगायचं, आज बरी आहेस. तिनं निळा खोका परत दिला.

काळा डबा बसवला. सुरुवातीला नीट चालला. चाचा चौकात कुणाला काही सांगेनात, म्हणून मीच विचारलं. म्हणाले, "चालतंय की." आणि मोसंब्यांना पाणी मारायला लागले.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी कोथिंबीर द्यायला गेले होते. रुबीना सरावाला बसली होती. खेळ रंगात आला, पलीकडून "दीदी, दीदी" सुरू झालं, आणि एकदम जळका वास. फट् असा आवाज झाला आणि डब्याच्या जाळीतून धूर. रुबीना तेव्हा टेबलाखाली कसली तरी वायर नीट करायला वाकलेली होती. मी तिला मागून ओढलं. चाचा अंगणातून धावत आले आणि त्यांनी भिंतीतली पिन उपटली. 

नशीब एवढंच, की बाकीचं वाचलं. काळा डबा एकटाच गेला. तो गार पडल्यावर आणि बराच वेळ तसाच ठेवल्यावर रुबीनानं स्क्रू काढले. आत वायरी होत्या, थोडे भाग होते, आणि एका बाजूला भिंतीला चिकटवलेला सिमेंटचा गोळा होता. नुसता सिमेंटचा. वजनासाठी.

रुबीना आधी हसली. खूप हसली. मग हसता हसता रडायला लागली.

चौकाला कळायला वेळ लागत नाही. अंकुशनं चहा ओततानाच सुरू केलं, "चाचा, आता टरबूज बी वाचून घेत जा. आत सिमेंट निघंल." कुणी म्हणालं, "चाचा, घर बांधायचंय, कॉम्प्युटरच्या दुकानात गोणी मिळते का?" एकानं लग्नाची पत्रिका आणली होती, ती त्यांना न देता वाचली. चाचा हसले नाहीत की चिडले नाहीत. एक गिऱ्हाईक आलं, त्यानं सीताफळं मागितली. चाचांनी हातात न तोलता ती सरळ काट्यावर ठेवली. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं. मला त्या थट्टेपेक्षा ह्याचं जास्त वाईट वाटलं.

आणि माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. उन्हं उतरली, गिऱ्हाईक कमी झालं, मी पाटीवर पोतं झाकलं. मी सहसा कुणाला विचारत नाही. पण विचारलं.

"चाचा, त्या डाळिंबाच्या क्रेटात ओलं पोतं होतं, ते तुमाला बंद क्रेटात कळलं. मग सिमेंट कावून न्हाई कळलं? ते तर एकाच अंगाला होतं."

चाचा सीताफळं रचत होते. डोळे उघडलेली वर, कच्ची खाली. बराच वेळ रचत राहिले.

"कळलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

"हात माझाच हाय ना बाई. माझ्याच बाजूनं बोलला."

 ते पुढं म्हणाले, "मला वाटलं, डबा नुसता कमजोर असंल. खेळताना मधीच बंद पडंल. पुण्याचे लोक म्हणतील, ऱ्हाऊ दे. पोरगी चार दिवस रडंल, मग ऱ्हाईल घरी. एवढंच मनात आलतं. जळतंय बिळतंय, हे कुठं ठाऊक होतं? तुमी ओढलं नसतं तर? तोंड त्याच्यापाशीच होतं की तिचं." त्यांनी दोन्ही हात समोर धरून बघितले, जणू ते दुसऱ्याचेच होते. "आणि ती काय म्हणतीया ठाऊक हाय? म्हणतीया, जाऊ द्या अब्बा, तुमाला फसवलं त्यानं. सकाळपासून त्या दुकानदाराला शिव्या देतीया. मी बसून ऐकतोय."

"सांगून टाका तिला."

"सांगंन," ते म्हणाले. "आधी डबा आणतो."

सकाळच्या पहिल्या एसटीनं चाचा बीडला गेले. रविवार होता, दुकान उघडतं की नाही, हेही माहीत नव्हतं. गाडा माझ्या ताब्यात. मी फळं काट्यावर तोलून दिली. एक म्हातारी म्हणाली, "हातानं सांग की," मी म्हणाले, मला येत नाही.

दुपारी चाचा एसटीतून उतरले. छातीशी निळा खोका धरलेला. दुकान बंद होतं, तर त्यांनी शेजारी विचारून दुकानदाराचं घर शोधलं होतं आणि त्याला जेवणावरून उठवून आणलं होतं. "सिमेंट त्याच्या टेबलावर ठिवलं आणि म्हणलं, हे तुझ्या घराला लाव. आता वरून दुसऱ्या फळीवरचा निळा काढ." फळी त्यांना बरोबर लक्षात होती. पहिल्या दिवसापासून.

त्यांनी खोका उघडला आणि डबा माझ्यासमोर धरला.

"तुमी बघा, बाई."

"मी?"

"माझ्या हाताला इचारू नका आता. तुमी बघा. फिरवून बघा."

मी पदराला हात पुसले. डबा घेतला. उजव्या हातात, मग डाव्या हातात. हळूहळू फिरवला. अंकुश चहाची किटली घेऊन थांबला होता.  आणि खरं सांगते, मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कोणत्याच अंगाला ओढत नव्हता. हातावर नुसता शांत बसला होता.

"सगळीकडून सारखा हाय, चाचा."

"मग द्या तिला," असं म्हणून ते गाड्यामागं गेले आणि पाणी प्यायले.

संध्याकाळी सामना झाला. मी गेले होते. आम्ही पडद्याकडं बघत होतो. चाचा पडद्याकडं बघतच नव्हते. ते जमिनीवर बसून कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून होते, तापलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. मध्येच गल्लीतली गिरणी सुरू झाली. खोलीतला दिवा मान खाली घालून परत वर आला.  पडदा चालूच राहिला. कोण जिंकलं ते मला कळलं नाही. पण शेवटी ती पोरं "दीदी! दीदी!" असं ओरडत होती, ते वेगळं ओरडणं होतं.

पुण्याहून बोलावणं आलं. चाचांनी तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी ह्या वेळी विचारलं नाही. एवढंच बघितलं, की जायच्या आधी एकदा ती गाड्यावर आली, चाचांचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि जराशी चापटी मारली, काट्याला ते मारतात तशी. चाचा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

ती गेली त्या दिवशी सगळा चौक थांब्यावर आला होता. तिच्या बॅगेत काय काय होतं ते मला माहीत होतं, कारण मीच ती भरली होती. धपाट्याचं पीठ, लोणच्याची बरणी, पांघरूण, कपडे, वर पिशवीभर सीताफळं. ती बॅग मी आणि रुबीनानं मिळून, वाटेत थांबत थांबत आणली होती. माझा खांदा दुखत होता.

एसटी लागली. चाचांनी बॅग उचलली. एका हातात धरली, मग दुसऱ्या हातात. डोळे अर्धे मिटले. सगळे थांबले. कंडक्टर म्हणाला, "ओ चाचा, ठेवा की वर."

अंकुशनं विचारलं, "किती हाय, चाचा?"

चाचांनी बॅग खाली काही ठेवली नाही.

"लई हलकी हाय," ते म्हणाले. "काहीतरी घरीच ऱ्हायलंय तिचं. जाऊन बघू का?"